उशिरा येणारी घंटा

देवावर माझा कधीच राग नव्हता. राग होता तो देवळाच्या माणसांवर. हे आधीच सांगून टाकते, कारण देवाचा अनुभव लिहायला बसलेली बाई म्हटलं की डोळे मिटून हात जोडलेली एक शांत मूर्ती वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे येते, आणि मी त्या दिवसांत हात जोडण्यापेक्षा कपाळावर मारून घेण्यातच जास्त वेळ घालवला. जपाला बसले की मनात देवस्थान कमिटीच्या अध्यक्षांशी भांडण सुरू व्हायचं. 'नमः शिवाय' म्हणता म्हणता मी त्यांना काय काय बोलले असेन ते महादेवालाच ठाऊक. त्याने ते पोटात घातलं म्हणून आज हे लिहिते आहे.

मी बारामतीत चष्म्याच्या दुकानात काम करते. काही वर्षांपूर्वी माझं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. ते नीट झालं, जखमही भरली, पण त्यानंतर एक विचित्र दुखणं मागे लागलं. बसल्या जागी छाती धडधडायची आणि आता पुढचा श्वास येणारच नाही असं वाटायचं. रिपोर्ट सगळे चांगले. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, जसं काही मी हौसेने घाबरत होते. नातेवाइकांना तर ऊतच आला. कुणी स्तोत्र दिलं, कुणी अंगारा दिला, कुणी सांगितलं की डोळे मिटून फक्त श्वासाकडे लक्ष द्या. मी श्वासाकडे लक्ष दिलं की तो बिचारा आणखीच अडखळायचा. लहानपणापासून महादेवाची भक्ती केलेली मी, पण त्या काळात पिंडीसमोर बसले तरी मन थाऱ्यावर येईना. इतकी वर्षं केलेलं सगळं नुसतं तोंडाने केलं की काय, अशी शंका यायला लागली.

दुकानात माझ्याबरोबर शुभांगी काम करते. एकदा जेवणाच्या सुट्टीत माझा डबा तसाच उघडा पडलेला बघून तिने तिचे इअरफोन माझ्या कानात कोंबले आणि म्हणाली, "हे ऐका. निमगाव केतकीचा माणूस आहे, कॉम्प्युटरवर गाणी करतो." माझं कपाळ लगेच आठ्यांनी भरलं. कॉम्प्युटरची गाणी म्हणजे वरातीत खिडक्यांची तावदानं हलवतात तीच, असा माझा समज. पण इअरफोनमधून आली ती देवळातली आरती. म्हणजे आरतीचे शब्द नव्हते, फक्त विजेवर चालणारं ते आरतीचं मशीन होतं. एका लोखंडी चौकटीत नगारा, झांजा आणि घंटा बसवलेल्या असतात, खाली मोटर असते, बटण दाबलं की सगळं आपोआप वाजतं. हल्ली गावोगाव असतं. मला ते मशीन कधीच आवडलं नव्हतं. माणसांना टाळ वाजवायचाही कंटाळा आला म्हणून देवाच्या दारात मोटर बसवली, असं मी कितीदा तरी बोलून दाखवलं होतं.

पण या गाण्यात नगारा वाजायचा, झांजा वाजायच्या, आणि मग मोठी घंटा यायच्या जागी यायचीच नाही. आपण थांबून राहायचं. आता चुकली, वाटायचं. आणि मग ती यायची, चढ चढून आलेल्या बाईसारखी, जराशी दमून. दर फेऱ्याला तेच. त्या घंटेसाठी माझा श्वास थांबायचा आणि ती आली की आपोआप सुटायचा. वरून कीबोर्डचे लांबच लांब सूर आणि एका पुरुषाचा आवाज, विहिरीच्या तळातून बोलल्यासारखा. गाणं संपलं तेव्हा माझा डबा खाऊन झाला होता आणि छाती शांत होती. मी शुभांगीला म्हटलं, "परत लाव."

त्यानंतर मी त्याची भक्तच झाले. सुरेश त्याचं नाव. वडिलांची डाळिंबाची बाग होती आणि हा लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा. पुढे घरातल्याच एका खोलीच्या भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवून त्याने स्टुडिओ केला. कारखान्याचा भोंगा, उसाच्या ट्रॉलीची खडखड, पाण्याच्या मोटरची घरघर, दुधाची किटली रस्त्यावर आपटते तो आवाज, असं सगळं गोळा करून तो त्यातून ताल बांधायचा. ऐकताना हसू यायचं आणि हसता हसता पाय ताल धरायचा. पुण्या-मुंबईची पोरं त्याच्यासाठी वेडी होती म्हणे. मला पोरांचं माहीत नाही. मी चष्म्याच्या काचा पुसताना त्याला ऐकायचे, आणि माझं ते दुखणं हळूहळू कमी कमी होत गेलं. गावात मात्र त्याला सगळे 'डीजे' म्हणायचे. एवढा मोठा कलाकार, आणि त्याच्या गावाच्या लेखी तो हळदीला स्पीकर लावणारा.

एकदा धीर करून मी त्याला मेसेज केला की तुमच्या घंटेनं मला श्वास घ्यायला शिकवलं. वाटलं, उत्तर कसलं येतंय. तर त्याचा फोनच आला. लाजरा आवाज होता. म्हणाला, "ताई, त्यात माझं कायबी न्हाय. आमच्या महादेवाच्या देवळातली मशीन हाय ती. जशी वाजती तशी घेतली." मी विचारलं, घंटा मुद्दाम उशिरा केलीत का? तर हसला. "मुद्दाम करायला गेलो की जमत न्हाय. कॉम्प्युटरवर लई दिवस डोकं लावलं. घंटा मागं सरकवली तर नुसती चुकल्यागत वाटती. देवळातली चुकत न्हाय. ती उशिरा येती पण येती." एवढंच बोलणं झालं. पण हे वाक्य मी एखाद्या अभंगाच्या ओळीसारखं मनात जपलं.

तो गेला तेव्हा चाळिशीही उलटली नव्हती. हृदयाचा झटका. शुभांगीने मोबाइल माझ्यापुढे धरला तेव्हा मी एका आजोबांचे डोळे तपासून घेत होते. हातात अक्षरांचा तक्ता तसाच धरून मी रडायला लागले. आजोबा घाबरले आणि म्हणाले, "पोरी, यवढं वाईट झालंय का माझ्या डोळ्याचं?"

काही महिन्यांनी मी त्याच्या आईला भेटायला निमगावला गेले. गाव त्यांना जिजी म्हणतं. काटक बाई, हातात सतत काहीतरी काम. मी ओळख सांगितली, त्याच्या गाण्यांचं सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि भुईमुगाच्या शेंगा फोडत राहिल्या. मी मूर्खासारखं विचारलं, तुम्ही ऐकता का त्याची गाणी? त्या म्हणाल्या, "न्हाय ऐकत. त्यात त्यो बोलतो. आन् मी उत्तर दिलं की ऐकत न्हाय."

शेजारणीने मला बाहेर आल्यावर सांगितलं की लेक गेल्यापासून जिजी एकदाही रडलेल्या नाहीत, आणि समोरच असलेल्या देवळात एकदाही गेलेल्या नाहीत. त्या आधी रोज जायच्या. मी परत आत गेले आणि सरळ विचारलं. जिजींनी शेंगांचं सूप खाली ठेवलं. "मळ्यात असले तरी ती घंटा मला ऐकू यायची. सुरेश लहान व्हता तवापासून. ती माझी बी घंटा हाय, एकट्या देवाची न्हाय. आता ती बी नेली त्यांनी. ती वाजंल तवा येईन मी देवळात. तवर त्याच्या दारात पाय ठेवायची न्हाय."

कुणी नेली घंटा, असं विचारत मी देवळात गेले आणि माझा खरा वनवास सुरू झाला. देवस्थानचे अध्यक्ष बापूराव मोठ्या अभिमानाने मला आत घेऊन गेले. सुरेश गेल्यावर गावाने वर्गणी काढली होती. त्याच्या स्मरणार्थ काय करावं याच्यावर म्हणे बैठक झाली. आणि या शहाण्या माणसांनी, ज्या मशीनवर त्याने आपलं सगळं नाव कमावलं ते मशीन भंगारात दिलं आणि त्याच्या स्मरणार्थ नवीन आणलं! चकचकीत स्टीलचं, खाली स्टॅबिलायझरचा डबा, आणि नगाऱ्यावर लाल रंगात 'डीजे सुरेश यांच्या स्मरणार्थ'. बापूरावांनी बटण दाबलं. ते सुसाट सुटलं. नगारा, झांज, घंटा, सगळं कसं घड्याळाच्या काट्यावर. बापूरावांचा चेहरा फुलला होता. "जुनी लई दमायची ओ ताई. हिचा आवाज बगा, टाइमात!"

मी त्यांना समजावून सांगितलं. दमायची तीच तर तिची गोडी होती, ती जगभर लोकांनी ऐकली, असं सगळं सांगितलं. ते मान हलवत राहिले आणि शेवटी म्हणाले, "पर ताई, बंद पडली व्हती ती. पोराच्या नावानं बंद मशीन ठिवायची का?" यातलं प्रेम मला कळत होतं आणि म्हणूनच जास्त चीड येत होती. दुष्ट माणसाशी भांडता येतं. जीव लावून चूक करणाऱ्यांशी कसं भांडायचं? जिजींच्या घरात मात्र रोज संध्याकाळी लेकाच्या नावाचं ते परकं मशीन धावत ऐकू यायचं आणि त्या दार लावून घ्यायच्या.

मी जिजींना शब्द दिला की वर्षश्राद्धाच्या आत जुनं मशीन शोधून आणते. त्या दिवशी संध्याकाळी देवळात सुरेशसाठी कार्यक्रम ठेवायचं आम्ही चाहत्यांनी ठरवलं होतंच. जिजी म्हणाल्या, "आण की." विश्वास नव्हता त्यांच्या आवाजात, पण नाहीही म्हणाल्या नाहीत.

पुढच्या सुट्टीला मी स्कूटीवरून इंदापूर गाठलं. भंगारवाल्याला मशीन आठवत होतं. पितळेची घंटा आणि झांजा वितळवायला गेल्या होत्या, नगाऱ्याचं कातडं फाटलं म्हणून त्याने फेकून दिलं होतं, आणि चौकट मोटरसकट माळेगाव बुद्रुकच्या एका माणसाने नेली होती. घंटा वितळवली म्हणताना तो ज्या सहजतेने कानातला मळ काढत होता, ते बघून मला त्याच्याच दुकानातला एखादा लोखंडी पाइप उचलावासा वाटला. तिथून उलट माळेगाव. उसाच्या गाड्यांच्या रांगेमागे धूळ खात, मनातल्या मनात महादेवाला ऐकवत, की बाबा रे, जिजी तुझी आई असती तर तू काय केलं असतंस?

माळेगावचा तो माणूस फार चांगला होता. सगळीच माणसं चांगली होती, हीच तर अडचण. त्याने त्या मोटरवर सहाण बसवली होती आणि ऊसतोडीच्या कोयत्यांना धार लावून देत होता. चौकट त्याने कापून कोंबड्यांच्या खुराड्याला लावली होती. मला खाटेवर बसवून चहा दिला आणि मोटरची तोंडभरून स्तुती केली. "व्होल्टेजनं जळाली व्हती, मी रिवाइंडिंग करून घेतली. आता एक नंबर पळती." मी त्याला माझी कथा सांगितली तर त्याचे डोळे भरून आले आणि तो म्हणाला, "न्या की मग मोटर, ताई. देवाची हाय." मी त्या सहाणेकडे बघितलं, ठिणग्या उडवत भरधाव फिरत होती. ती नेऊन जिजींना काय दाखवू? मी चहा संपवला आणि निघाले.

वाटेत एका पुलाजवळ स्कूटी उभी केली. अंगावर सगळी धूळ, कंबर मोडलेली, आणि कितीतरी दिवसांनी छातीत पुन्हा तीच धडधड. मला रडूच आलं. जिजींना काय सांगायचं हे सुचत नव्हतं. मी महादेवाला म्हणाले, आणि हे शब्द काही फार भक्तीने म्हटले नाहीत, अक्षरशः वैतागून म्हटले, की हे घे तुझं तू. माझ्याच्यानं आता होत नाही. घंटा तुझी, बाई तुझी, गाव तुझं. मी शरणागती यावर प्रवचनं खूप ऐकली आहेत. त्यांत शरण जाणारा माणूस नेहमी शांत असतो. मी तोंड धुवून, नाक शिंकरून शरण गेले.

वर्षश्राद्धाच्या दिवशी दुपारी निमगावला पोचले तेव्हा आधी जिजींकडे जाऊन खरं ते सांगितलं. त्या श्राद्धाच्या स्वयंपाकाची भांडी आवरत होत्या. "वितळवली?" एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "बरं," म्हणाल्या आणि परात घासायला लागल्या. कार्यक्रमाला या असं म्हणायचं माझं धाडस झालं नाही.

कार्यक्रमाचं तर काही विचारू नका. प्रवेशद्वारावर फ्लेक्स होता, त्यावर सुरेशपेक्षा पुढाऱ्यांचे फोटो मोठे, आणि सुरेशला कुठल्यातरी लग्नातल्या फोटोतून कापून काळा गॉगल घातलेला. आम्ही बारामतीतून ज्याचं साउंड ठरवलं होतं तो ऐन वेळी दुसऱ्या लग्नाला गेला आणि त्याने ओळखीच्या कुणाला तरी पाठवून दिलं. हा पिकअप घेऊन आलेला गृहस्थ इंदापूरच्या पलीकडचा, तोंडात मावा, आणि आल्या आल्या कुरकूर सुरू. देऊळ गावाच्या कडेला असल्यामुळे तिथली लाइन मळ्यांच्या डीपीवर, म्हणजे शेतीच्या ट्रान्सफॉर्मरवर आहे. संध्याकाळी शेतीची वीज आली की सगळ्या बागांच्या मोटरी एकदम चालू होतात आणि देवळातल्या ट्यूबलाइट लुकलुकायला लागतात. त्याचा अँप्लीफायर सारखा बंद पडत होता आणि सुरेशचं गाणं दोन ओळी वाजून गप्प बसत होतं. पुण्याहून आलेली चाहती मंडळी एकमेकांकडे बघत होती. तिकडे एक पुढारी माइकवर सुरेशला तिसऱ्यांदा 'आपले लाडके डीजे' म्हणत होते, तेवढं मात्र व्यवस्थित ऐकू येत होतं.

तेवढ्यात मला दिसलं की तो साउंडवाला आरतीच्या मशीनखालचा स्टॅबिलायझर उचलून घेऊन चाललाय. मी आडवी गेले. "अहो, ते देवळाचं आहे!"

"लाइटला दम न्हाय, ताई. अँप्लीफायर उडाला तर तुमी देणार का?"

"आणि आरतीचं मशीन?"

"लावलंय की डायरेक. मशीनला काय व्हतंय? वाजंल कशीबी."

वाजंल कशीबी! लेकाच्या नावाचं मशीन, वर्षश्राद्धाचा दिवस, आणि वाजंल कशीबी. भांडायला अंगात त्राणच उरलं नव्हतं. एका खांबाला टेकून बसले आणि म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते.

दिवेलागणीला भाषणं थांबली. पुजाऱ्यांनी निरांजन लावलं आणि बापूरावांनी बटण दाबलं. मशीन घरघरलं, पण उठेना. ट्यूबलाइट पिवळी पडली. मग कसाबसा नगारा सुरू झाला, जड हाताने वाजवल्यासारखा, त्याच्यामागून झांजा. आता हेही बंद पडणार, असं मनात म्हणत मी वैतागून उठले, स्टॅबिलायझर त्या माणसाच्या हातातून ओढून आणायचाच म्हणून. घंटेचा मोठा दांडा वर चढताना मोटरचा दम संपल्यासारखा झाला. सगळं मशीन थांबलं. म्हणजे थांबल्यासारखं झालं. माझा श्वासही थांबला, आणि मला कळलं की हा थांबलेला श्वास माझ्या ओळखीचा आहे.

मग घंटा आली. उशिरा, जराशी दमून.

पुन्हा नगारा, पुन्हा झांजा, पुन्हा तो थांबा, आणि पुन्हा घंटा. पुण्याच्या मंडळींनी एकदम माझ्याकडे बघितलं. मी भंगारात, भट्टीत, कोंबड्यांच्या खुराड्यात जे शोधत फिरले, ते कधी मशीनमध्ये नव्हतंच. ती घंटा उशिरा यायची कारण त्या वेळी अख्ख्या गावच्या बागांना पाणी चालू असायचं. तो दम त्या गावाचा होता. सुरेशने तो ऐकला होता, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून, प्रेमापोटी, तो स्टॅबिलायझरच्या एका डब्याने बंद केला होता. हे सगळं तिथे उभ्या उभ्या माझ्या लक्षात आलं असं मात्र नाही. तेव्हा मी फक्त रडत होते आणि घंटेची वाट बघत होते.

दारातली माणसं बाजूला झाली तेव्हा मी वळून बघितलं. जिजी आल्या होत्या. भांडी घासताना उठून आलेल्या, हाताला राख तशीच, पदर डोक्यावर ओढलेला. पायरीपाशी त्या थांबल्या. नगारा झाला, झांजा झाल्या. जिजींचा चेहरा तो थांबा ऐकत होता, ओठ घट्ट मिटून. घंटा पडली आणि त्यांनी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं. असं एकेका घंटेला एकेक पाऊल टाकत त्या गाभाऱ्यापाशी गेल्या. तिथे उभं राहून त्यांनी पिंडीकडे बघितलं आणि अंधार पडल्यावर घरी आलेल्या पोराला आई रागावते तशा आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "किती उशीर केलास रं!"

महादेवाला म्हणाल्या की सुरेशला, ते मी त्यांना कधी विचारलं नाही. एवढं म्हणून त्या खाली बसल्या आणि वर्षभराचं रडू त्यांच्या तोंडून बाहेर आलं. कुणी त्यांना गप्प केलं नाही. बापूरावांचा हात बटणावर गेला होता, तो मी धरला. आरती संपून गेली तरी मशीन चालूच राहिलं आणि बायका जिजींच्या भोवती बसून राहिल्या. सुरेशचं गाणं त्या संध्याकाळी पूर्ण असं वाजलंच नाही, आणि कुणाला त्याची आठवणही झाली नाही.

नंतर मी त्या साउंडवाल्याला शोधलं. त्याच्या पाया पडायची माझी तयारी होती. तो केव्हाच सामान भरून निघून गेला होता, स्टॅबिलायझर देवळाच्या पायरीवर ठेवून. बारामतीच्या माणसाला फोन केला तर म्हणाला, मी एकाला सांगितलं होतं, त्याने दुसऱ्या कुणाला पाठवलं, मला नाव माहीत नाही. लोक मला विचारतात, हा चमत्कार म्हणायचा का? व्होल्टेज मलाही कळतं. मोटर दमते आणि दांडा उशिरा पडतो, यात चमत्काराचं काही नाही. मी एवढंच सांगते की मी जीव तोडून धावले ते सगळं वाया गेलं, आणि ज्याला कशाचंच काही पडलं नव्हतं त्या माणसाच्या हातून काम झालं. माझी धावपळ महादेवाला नको होती असं नाही. पण माझ्या धावपळीवर तो अडूनही बसला नव्हता. त्या पुलाजवळ मी चिडून का होईना, त्याच्या हवाली केलं, आणि त्याने माझी चीड मोजली नाही. देवाला आपलं सोंग नको असतं. आपण आहोत तसे गेलो तरी तो घेतो, असं मला तेव्हापासून वाटतं. आणि सुरेश, तुझे आभार मानायचे राहिले होते, ते इथे मानते. जशी वाजते तशी घ्यायची, हे तू सांगितलं होतंस. मला कळायला वेळ लागला.

कार्यक्रमानंतर पंधरवड्याने दुकानात असताना बापूरावांचा फोन आला. चांगलेच वैतागले होते, आणि खरं सांगते, त्यांना वैतागलेलं ऐकून मला जरा बरंच वाटलं.

"ताई, तुमी जिजीला समजवा बरं. आमी स्टॅबिलायझर परत बसिवला. तर ही बाई संध्याकाळी येती, त्याची पिन काढती आन् मशीन डायरेक बोर्डाला लावती. मोटर जळंल म्हटलं, तर म्हणती जळू दे, दुसरी घ्या. माझं ऐकतच न्हाय!"

"कधी येतात?" मी विचारलं.

"कदी म्हंजी? रोज! एक दिस चुकवत न्हाय. आरती झाली तरी बसून ऱ्हाती. पुजाऱ्याला घरी जायचं असतंय, तरी उठत न्हाय."

ते बराच वेळ तक्रार करत राहिले. काउंटरवर गिऱ्हाईक खोळंबलं होतं, शुभांगी खुणा करत होती. मी फोन ठेवला नाही. डोळे मिटून, प्रसाद घ्यावा तशी मी त्यांची तक्रार शेवटपर्यंत ऐकून घेतली.